घाटातील दगडी कमानी

नाशिकहून मुंबईस जाताना इगतपुरी मागे पडली की आपण मुलांना खिडकीपासून आत ओढतो, फराळाचा डबा उघडतो, आणि ज्यावरून गाडी घाट उतरते ते पाहायचे राहून जाते. कसारा-इगतपुरी हा थळघाटाचा लोहमार्ग १ जानेवारी १८६५ रोजी खुला झाला, तेव्हा त्यात १३ बोगदे व ६ उंच पूल होते.

त्याच रेल्वे कंपनीचे दुसरे मोठे काम बोरघाटात चालले होते. त्याचे मक्तेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये मुंबईस आले आणि थोड्याच दिवसांत वारले. त्यांच्या पत्नी ॲलिसबाई यांनी मक्ता सोडला नाही. जाणती माणसे नेमून १८६३ मध्ये काम तडीस नेले. जानेवारी १८६१ मध्ये त्या घाटात ४२,००० माणसे राबत होती. त्यांत बायाही होत्या, कित्येकींची लेकरेही. ॲलिसबाईंचे नाव राहिले. दगडमातीच्या पाट्या वाहणाऱ्या आपल्या बायांचे राहिले नाही.

कमानीचे दगड पाचरीसारखे घडवून चुन्यात बसवतात. वरून भार आला की ते एकमेकांस अधिकच घट्ट धरतात. पण सांध्यांत पाणी मुरून चुना धुपला, किंवा पुराने पायाखालची माती नेली, की हीच कमान दगा देते. मुळात बांधणी कच्ची असेल तर बोलायलाच नको! बोरघाटातील आठ कमानींचा पूल १९ जुलै १८६७ रोजी असाच कोसळला.

अलीकडचे दुःख तर आपणांस ठाऊकच आहे. महाडजवळ सावित्रीवरील १९२८ चा दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला, आणि दोन एस. टी. गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. नवा पूल जून २०१७ मध्ये झाला. त्या धास्तीने खेड्यापाड्यांतले सगळेच जुने पूल पाडावेत, हे मला पटत नाही. त्यांवरची जड वाहने थांबवावीत, दरवर्षी पावसाळ्यापूर्वी व नंतर पाया तपासावा, सांधे सिमेंटने न लिंपता चुन्यानेच भरावेत.

आणि एक काम तर आपलेच आहे. कमानीच्या फटीत रुजलेला पिंपळ उपटायला आमच्याकडच्या वडीलधाऱ्या बायका हात लावू देत नाहीत. रोप वीतभर असतानाच मुळासकट अलगद काढून पाराशेजारी लावावे, म्हणजे त्यांचेही मन दुखावत नाही.