१४. सुंभाचा दोर

नारळाची सोडणे खाडीच्या पाण्यात कित्येक महिने कुजवून, बडवून काढलेल्या काथ्याचा दोर. होडीचा तांडेल नांगरासाठी तागाचा दोर नाकारून सुंभच मागत असे, त्याचे कारण तंतूच्या घडणीत आहे. वनस्पतितंतू म्हणजे पोकळ पेशींची जुडी. पेशींच्या भिंतींत सेल्युलोजचे अतिसूक्ष्म धागे मळसूत्राच्या आट्यांसारखे फिरलेले असतात. तागात ते तंतूच्या लांबीशी जेमतेम ८ ते १० अंशांचा कोन करतात, म्हणजे जवळजवळ सरळच असतात. ओढ थेट त्यांच्यावर येते. म्हणून ताग ताकदीला काथ्याहून भारी, पण लांबी दीड-दोन टक्के वाढली की तुटतो. काथ्यात हाच कोन ३० ते ४५ अंश असतो. ओढ बसली की आधी आटे उलगडतात आणि तंतू १५ ते ३० टक्के लांबल्यावरच तुटतो. लाटेचा हिसका त्यामुळे दोरातच जिरतो. शिवाय काथ्यात लिग्निन सुमारे ४० टक्के, तागाच्या जवळपास तिप्पट असते. त्यामुळे खाऱ्या पाण्यात सुंभ लवकर कुजत नाही.