चित्रकलेच्या तासाची कुळकथा

शाळेतला चित्रकलेचा तास कलावंत घडवण्यासाठी सुरू झाला नाही. त्याचे मूळ कापडाच्या नि भांड्यांच्या व्यापारातल्या चढाओढीत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटिश गिरण्यांतून माल भरपूर निघे, पण नक्षीत तो फ्रेंच मालापुढे फिका पडे. पार्लमेंटच्या समितीने १८३५-३६ मध्ये याची चौकशी केली आणि १८३७ मध्ये लंडनच्या सॉमरसेट हाउसमध्ये सरकारी स्कूल ऑफ डिझाइन उघडले. कारागिराने चित्रकार होण्याच्या नादी लागू नये, म्हणून तेथे सुरुवातीला मानवाकृतीचे रेखाटन शिकवत नसत.

१८५१ च्या जागतिक प्रदर्शनानंतर कलाशिक्षणाची सूत्रे हेन्री कोलकडे आली. त्याचा सहकारी रिचर्ड रेडग्रेव्ह याने २३ पायऱ्यांचा अभ्यासक्रम आखला. आधी पट्टी-कंपासने रेषा, मग छापील नमुन्यावरून मोकळ्या हाताने बाह्यरेषा, पुढे प्लास्टरच्या प्रतिकृतींवरून छायाप्रकाश, रंग आणि मानवाकृती. स्वतः नक्षी रचण्याची पाळी अगदी शेवटी येई. १८५७ मध्ये कोलचे कलाशिक्षणाचे खाते साउथ केन्सिंग्टनला गेले आणि तेच नाव पद्धतीला चिकटले. शिक्षकांची मिळकत काही अंशी विद्यार्थ्यांच्या निकालावर ठरे. त्यामुळे सफाईला अवास्तव महत्त्व आले. एकाच प्रतिकृतीच्या छटा भरण्यात महिने जात. जॉन रस्किनने या पद्धतीवर टीका केली. चित्र काढणे म्हणजे आधी डोळ्यांनी नीट पाहायला शिकणे, असे त्याचे मत होते.

मुंबईत सर जमशेटजी जीजीभाई यांनी दिलेल्या १ लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ मध्ये कलाशाळा सुरू झाली. १८६५ मध्ये तेथे आलेले लॉकवुड किपलिंग आणि जॉन ग्रिफिथ्स हे दोघेही साउथ केन्सिंग्टनच्या परंपरेतले. ग्रिफिथ्सने मात्र १८७२ पासून विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेऊन तेथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवून घेतल्या. परदेशी नमुन्यांच्या जोडीला देशी नमुना आला.

नमुन्यावाचून चित्र काढू देण्याचा प्रयोग फ्रान्झ चिझेकने १८९७ मध्ये व्हिएन्नातल्या मुलांच्या वर्गात केला. विसाव्या शतकात शाळांमध्ये मुक्त चित्रण रुजले, त्यामागे या वर्गाचा मोठा प्रभाव आहे.

जुनी पद्धत तरीही पुरती गेलेली नाही. महाराष्ट्राचे कला संचालनालय घेत असलेल्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट परीक्षांत वस्तुचित्र व स्मरणचित्राबरोबर संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन हे विषय आहेत.