बॅरीच्या गळ्यातलं पिंप

मार्चमध्ये धरमशाळेहून त्रिउंडला चढायचं म्हणजे एकाच वाटेवर तीन ऋतू तुडवायचे. खाली गल्लू देवीच्या देवळापाशी बुरांसची लाल फुलं, मधे घोटाभर चिखल आणि वरच्या सावलीतल्या वळणांवर हिवाळ्याचा उरलेला बर्फ. हा बर्फ सकाळी फरशीसारखा टणक असतो आणि दुपारी भिजल्या मिठासारखा खचतो.

गेल्या वर्षी देवळापासून एक काळी कुत्री आमच्याबरोबर निघाली. कुणी बोलावलं नव्हतं. वर एका ओहोळावर बर्फाचा थर शाबूत दिसत होता, त्यावर माणसांच्या पावलांचे ठसेही होते. कुत्री तिथे थांबली, तिनं नाक खाली घालून हुंगलं आणि ती वरच्या दगडांवरून वळसा घालून गेली. मी ठशांवर विश्वास ठेवला. दुसऱ्याच पावलाला कमरेपर्यंत आत गेले. खाली पाणी वाहत होतं. मैत्रिणीनं काठी पुढे केली म्हणून बाहेर आले.

संध्याकाळी चहाच्या टपरीवर हा प्रसंग सांगताना मी म्हणाले, ‘‘कुत्री मला अडवायला भुंकली होती.’’ ती भुंकली नव्हती. भाषांतर हा माझा व्यवसाय आहे. मुळात नसलेलं वाक्य घातलं की मला लगेच टोचतं. तेव्हा मला बॅरी आठवला.

स्वित्झर्लंड आणि इटलीच्या सीमेवर ग्रेट सेंट बर्नार्ड ही २,४६९ मीटर उंचीची खिंड आहे. तिथे अकराव्या शतकापासून ख्रिस्ती साधूंची धर्मशाळा आहे. धर्मशाळेच्या कागदपत्रांत कुत्र्यांचा उल्लेख अठराव्या शतकाच्या सुरुवातीपासून सापडतो. धुक्यात आणि ताज्या बर्फात वाटाड्यांबरोबर चालायचं, वाट हुंगायची, गाडलेला माणूस शोधायचा, हे त्यांचं काम. या खिंडीत वसंत फार उशिरा येतो. १८०० सालच्या मे महिन्यात नेपोलियनचं सुमारे ४०,000 सैन्य इथून इटलीत उतरलं, तेव्हाही वाटेवर बर्फ होता. पोकळ केलेल्या झाडांच्या खोडांत तोफा घालून त्या माणसांनी ओढत नेल्या. स्वतः नेपोलियन एका स्थानिक वाटाड्याच्या खेचरावर बसून गेला. चित्रकार दाविदनं मात्र त्याला उधळलेल्या घोड्यावर बसवलं, आणि जगाच्या लक्षात घोडाच राहिला.

बॅरीचा जन्म त्याच वर्षीचा. त्यानं चाळीसहून अधिक माणसं वाचवली असं सांगतात. १८१२ मध्ये म्हाताऱ्या बॅरीला बर्न शहरात आणलं गेलं आणि १८१४ मध्ये तो तिथे वारला. पण लोकांना एवढा साधा शेवट पुरला नाही. एकेचाळिसाव्या माणसानं त्याला लांडगा समजून मारलं, अशी कथा पसरली. पॅरिसजवळच्या प्राण्यांच्या दफनभूमीतल्या त्याच्या स्मारकावरही ती कोरलेली आहे. गळ्यातलं ब्रँडीचं छोटं लाकडी पिंपही असंच आलं. १८२० मध्ये लँडसीअर या इंग्रज चित्रकारानं ते एका चित्रात दाखवलं आणि ते त्या जातीच्या गळ्याला कायमचं चिकटलं. काही वर्षांपूर्वी मुलांसाठी एका धड्याचं भाषांतर करताना ते पिंप मीही तसंच ठेवलं होतं. मूळ मजकुरात होतं, चित्रातही होतं. शंकाच आली नाही.

बर्नच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात बॅरी आजही पेंढा भरून उभा आहे. आधी त्याची मान खाली होती. १९२३ मध्ये त्याला नव्यानं उभं केलं तेव्हा मान उंचावली आणि कवटीचा आकारही बदलला, म्हणजे तो तेव्हाच्या सेंट बर्नार्ड कुत्र्यांसारखा दिसावा. खरा बॅरी आजच्या कुत्र्यांपेक्षा बराच लहान होता. पुढे लांब केसांच्या कुत्र्यांशी संकर झाला, तर बर्फ त्या केसांना धरून गोठू लागला आणि ती कुत्री बर्फातल्या कामाला निरुपयोगी ठरली. चित्रात मात्र तीच शोभतात.

आपल्याकडेही वेगळं नाही. महाप्रस्थानात भावंडं आणि द्रौपदी एकेक करून पडतात, कुत्रा तेवढा शेवटपर्यंत चालतो. त्याला टाकून स्वर्गात येणार नाही, असं युधिष्ठिर इंद्राला सांगतो. मला महाभारतातली ही सगळ्यात मोठी जागा वाटते. पण लगेच तो कुत्रा धर्म असल्याचं उघड होतं. एवढी बर्फाची वाट चालल्यावरही कुत्र्याला कुत्रा म्हणून राहता येत नाही.

बॅरीला हुतात्मा केलं, त्याला धर्म केलं, आणि माझ्या काळ्या कुत्रीला मी तारणहार केलं. तिनं केलं होतं ते एवढंच: स्वतःच्या पायाखालचं नीट पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं असतं तरी पुरलं असतं.

टपरीवर माझी गोष्ट रंगात आली होती तेव्हा ती बाकाखाली पंजे चाटत बसली होती. शेवटी टपरीवाल्यानंच खाली वाकून पाहिलं. बोटांच्या मधे बर्फाच्या गोळ्या घट्ट बसल्या होत्या आणि एका पंजातून रक्त येत होतं. त्यानं कोमट पाण्याचं भांडं माझ्या हातात दिलं. गोष्ट अर्धी टाकून मी खाली बसले. तिनं आधी पाय मागे घेतला, मग दिला.