निवडुंग आणि किरमिजाचा किडा : एका फसलेल्या आयातीचा इतिहास

फड्या निवडुंग हा आपल्या माळरानाचा मूळचाच रहिवासी, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. वस्तुतः ओपुंशिया हा सबंध वंशच अमेरिका खंडातील आहे. त्याच्या काही जाती युरोपीयांमार्फत हिंदुस्थानात आल्या आणि पुढे बेसुमार माजून शेतीस व चराईस उपद्रवकारक ठरल्या. या उपद्रवास पायबंद कसा बसला, हे पाहणे जीवजातींच्या परस्परावलंबनाच्या दृष्टीने उद्बोधक आहे.

अठराव्या शतकात किरमिजी रंगाचा व्यापार स्पेनच्या हाती होता. मेक्सिकोत निवडुंगावर पोसलेल्या किड्यांच्या माद्या वाळवून हा रंग काढीत. ही मक्तेदारी मोडण्याची ईस्ट इंडिया कंपनीची इच्छा होती. मद्रासेत डॉ. जेम्स अँडरसन यांनी त्यासाठी निवडुंगाची बाग उभारली. १७९५ मध्ये कॅप्टन नील्सन यांनी रिओ दी जानेरोहून काही किडे कलकत्त्यास आणले. परंतु ते खरे किरमिजाचे किडे नव्हते, त्याच वंशातील एक रानटी जाती होती. रंग हलका निघाला आणि व्यापाराचा बेत फसला.

किडा मात्र फोफावला. हिंदुस्थानात पसरलेली ओपुंशिया मोनॅकँथा ही जाती मूळची ब्राझीलकडची, म्हणजे या किड्याच्याच मायदेशाची होती. त्याने रस शोषून तिची दाट बने सुकविली. हे पाहून १८३६ ते १८३८ च्या सुमारास तो दक्षिण हिंदुस्थानात व १८६५ पूर्वी सिलोनात मुद्दाम नेण्यात आला. तणाच्या नाशासाठी कीटकाची हेतुपुरस्सर योजना केल्याचे हे अगदी आरंभीचे उदाहरण होय.

तथापि फड्या निवडुंगापुढे या किड्याचे काही चालले नाही. दोन्ही वनस्पती दिसावयास सारख्या, परंतु त्यांचे भक्षक निराळे. फड्या निवडुंगासाठी उत्तर अमेरिकेतील डॅक्टिलोपियस ओपुंशी ही दुसरी जाती आणावी लागली. १९२६ मध्ये ती सिलोनमार्गे हिंदुस्थानात आली आणि थोड्याच वर्षांत दक्षिणेतील विस्तीर्ण रान मोकळे झाले.

या वृत्तान्ताचे मर्म असे, की निवडुंग येथे आला तेव्हा त्याचा किडा मायदेशीच राहिला होता, म्हणून निवडुंग माजला. पुढे किडा आला तेव्हा त्याला खाणारे शत्रू मागे राहिले होते, म्हणून तो प्रबळ ठरला. जीवजातीचे बळ केवळ तिच्या अंगी नसते. तिच्या सोबत्यांवर व शत्रूंवरही ते अवलंबून असते. एखादी जाती परमुलखात नेणाऱ्याने हा हिशेब आधी मांडणे अगत्याचे आहे. या प्रकरणात तो अनुकूल ठरला, हा बव्हंशी योगायोग होता.