काकासाहेब व्हिलन का वाटत नाहीत?

'कुंकू' मी पाहिला तो शांता आपट्यांसाठी. नीराच्या बंडाबद्दल बरंच ऐकलं होतं. पण सिनेमा संपल्यावर डोक्यात राहिला तो तिचा म्हातारा नवरा. म्हणजे केशवराव दाते.

गोष्ट थोडक्यात सांगतो. नीराला तिच्या घरचेच पैशांसाठी फसवून एका वयस्क वकिलाशी लग्नाला उभं करतात. ती हे लग्न मानायलाच तयार नसते. ना. ह. आपट्यांच्या कादंबरीवरून व्ही. शांतारामांनी १९३७ साली 'प्रभात'साठी हा सिनेमा केला, हिंदीत 'दुनिया न माने'. दोन्हीकडे काकासाहेब दातेच.

असा नवरा म्हणजे रेडीमेड व्हिलन! आणि दात्यांना खलनायक नवा नव्हता. १९३४ सालच्या मराठी 'अमृतमंथन'मधला राजगुरू त्यांचाच. (हिंदीत चंद्रमोहन होता. त्याच्या डोळ्यांचा क्लोजअप गाजला आणि मराठी राजगुरू मागे पडला.) पण काकासाहेब आधी हट्टी, मग चिडलेले, मग हळूहळू शरमलेले दिसतात. पार्श्वसंगीत नाहीच, त्यामुळे सगळं चेहऱ्यावरच पेलायचं.

१८८९ साली जन्मलेले दाते मूळचे रंगभूमीवरचे. महाराष्ट्र नाटक मंडळीत ते स्त्रीभूमिका करायचे. 'भाऊबंदकी'तली त्यांची आनंदीबाई गाजली होती. मला आपलं वाटतं, इतकी वर्षं बायकांच्या बाजूने विचार केलेल्या नटालाच नीरासमोर असं ओशाळता आलं असेल.

शेवटी काकासाहेब चिठ्ठी लिहून ठेवतात, नीराला दुसरं लग्न करायला सांगतात आणि जीव देतात. आधी मला हे मेलोड्रामा वाटलं. मग तारखा बघितल्या. विधवाविवाह १८५६ पासून कायदेशीर होता, पण मुंबई प्रांतात हिंदूंना घटस्फोटाचा कायदा मिळाला तो १९४७ साली. म्हणजे १९३७ मध्ये नीराला बायको म्हणून सुटका नव्हती, विधवा म्हणून होती. आणि काकासाहेब तर वकील!

पुढे 'शेजारी' (१९४१), 'झनक झनक पायल बाजे' (१९५५) अशा सिनेमांतही दाते दिसले. १९७१ साली ते गेले.

काकासाहेब राक्षस असते तर तेव्हाचे प्रेक्षक त्यांना शिव्या घालून निवांत घरी गेले असते. पण ते आपल्याच घरातल्या एखाद्या आजोबांसारखे दिसतात. म्हणून नीरावरचा अन्याय जास्त बोचतो. 'कुंकू' पाहिलात तर या वेळी म्हाताऱ्यावर लक्ष ठेवा.