महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना

महाराष्ट्र शासनाची आरोग्यविमा योजना. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत ‘राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना’ या नावाने सुरू झाली, २०१३ मध्ये राज्यभर लागू झाली आणि २०१७ मध्ये तिला सध्याचे नाव मिळाले. पिवळ्या व केशरी शिधापत्रिकाधारक कुटुंबांना अंगीकृत रुग्णालयांत रोकडरहित उपचार देण्यासाठी ती आखली गेली. १.५ लाख रुपयांची वार्षिक मर्यादा ५ लाखांपर्यंत वाढवण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला.

सरकारी पैसा खासगी रुग्णालयांकडे वळतो, हा आक्षेप रास्त आहे. मात्र हृदयशस्त्रक्रियेसाठी जमीन गहाण टाकणाऱ्या कुटुंबाला शासकीय रुग्णालये सक्षम होईपर्यंत थांबता येत नाही. तरीही योजनेचा भर दाखल रुग्णांवर आहे. मधुमेह-रक्तदाबाच्या रोजच्या औषधांचा भार कुटुंबावरच राहतो. म्हणून विमा प्राथमिक आरोग्य केंद्रांना पूरक ठरावा, पर्याय नव्हे.