शाळेतील संशोधक आणि त्यांचे मार्गदर्शक : समथर, ग्वाल्हेर, पुणे

झाशी जिल्ह्याच्या उत्तरेस, पहूज आणि बेतवा या नद्यांमधल्या सपाट मुलखात समथर हे जुन्या संस्थानाचे गाव आहे. बुंदेलखंडातील शेतकरी जमिनीला चार नावांनी ओळखतो : मार, काबर, पडुआ आणि राकड. पहिल्या दोन काळ्या, पुढच्या दोन हलक्या. एकाच पावसानंतर या चारही जमिनींत ओल किती दिवस टिकते, हा प्रश्न तिथल्या नववीतील एखाद्या मुलीला सहज पडू शकतो. तो सोडवायला तराजू, पत्र्याचे डबे, ऊन आणि एक वही एवढे साहित्य पुरते. उणीव असते ती माणसाची. तिची वही रोज पाहणारे, 'हे वजन पुन्हा कर, कालच्याशी जुळत नाही' असे सांगणारे आणि तरीही उत्तर स्वतः न देणारे कोणी तरी तिला हवे असते. असे माणूस शाळकरी मुलांना मिळवून देण्याच्या भारतातील प्रयत्नांना आता साठ वर्षे होऊन गेली आहेत. त्यांतला एक मोठा टप्पा समथरच्या शेजारीच, ग्वाल्हेरला सुरू झाला.

आरंभ मात्र दिल्लीत झाला. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने १९६३ साली विज्ञान प्रज्ञाशोध योजना प्रथम दिल्लीपुरती आणली. त्या वर्षी फक्त १० शिष्यवृत्त्या होत्या. १९६४ मध्ये योजना देशभर गेली आणि हा आकडा ३५० झाला. या योजनेची एक अट आज विस्मृतीत गेली आहे. लेखी परीक्षा आणि मुलाखत यांच्या जोडीला प्रत्येक उमेदवाराने स्वतः केलेल्या प्रकल्पाचा अहवाल सादर करावा लागे. शाळा संपवणाऱ्या मुलाने परीक्षेपूर्वीच काही शोधून पाहिलेले असावे, ही अपेक्षा त्या काळाच्या मानाने धाडसाची होती. पण प्रकल्प कुणाच्या मदतीने करायचा, याचे उत्तर योजनेजवळ नव्हते. ज्याच्या घरी किंवा शाळेत प्रयोगशाळा जाणणारे कोणी होते, त्याची सोय झाली. इतरांनी पुस्तकातून जमेल ते उतरवले असेल, तर त्यांना दोष देता येत नाही. १९७७ च्या सुमारास योजनेचे रूप पालटले. सामाजिक शास्त्रे आली, वस्तुनिष्ठ चाचण्या आल्या आणि प्रकल्प गळाला. हजारो अहवाल तपासण्यापेक्षा उत्तरपत्रिका तपासणे सोपे असते, हेही त्यामागे असावे.

याच सुमारास मध्य प्रदेशात वेगळी वाट पडत होती. १९७२ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातील १६ माध्यमिक शाळांत किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी विज्ञानशिक्षणाचा नवा प्रयोग सुरू केला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील आणि दिल्ली विद्यापीठातील वैज्ञानिक सुट्ट्या काढून खेड्यांत येत. 'बाल वैज्ञानिक' नावाच्या पुस्तकात प्रयोग दिलेले असत. निष्कर्ष मुलांनी काढायचे. या उपक्रमात सवालीराम नावाचे एक काल्पनिक पात्र होते. मुले त्याला पत्राने प्रश्न विचारत आणि उत्तरे घरी येत. मार्गदर्शक गावात नसेल तर तो टपालाने येऊ शकतो, ही कल्पना साधी होती, पण तिच्यामागे पत्रे वाचून उत्तरे लिहिणारी माणसे लागत. जिल्हाभर आणि पुढे इतर जिल्ह्यांत पसरलेला हा उपक्रम २००२ मध्ये राज्य शासनाने बंद केला. तीस वर्षे चाललेली गोष्ट एका आदेशाने थांबू शकते, हा या इतिहासातला सर्वांत कडू धडा आहे.

ग्वाल्हेरचा टप्पा त्याआधीचा, नव्वदच्या दशकाच्या आरंभीचा. समथरपासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत असलेल्या या शहरात ग्वाल्हेर सायन्स सेंटर या संस्थेने मुलांची विज्ञान परिषद भरवण्याची कल्पना मांडली. राष्ट्रीय विज्ञान व तंत्रज्ञान संचार परिषदेने ती उचलली आणि १९९३ पासून राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद देशभर होऊ लागली. वयोमर्यादा १० ते १७ वर्षे. मुलांनी लहान गटाने काम करायचे, विषय आपल्या परिसरातला घ्यायचा, नोंदवही ठेवायची आणि जिल्हा, राज्य, देश या पायऱ्यांनी आपले काम मांडायचे. मुलांना आपल्या भाषेत बोलण्याची मुभा होती. शाळेबाहेरच्या मुलांनाही दार उघडे होते, ही बाब फार थोड्यांच्या ध्यानात राहिली आहे.

प्रज्ञाशोधात जे सुटले होते ते येथे नियमातच आले : प्रत्येक गटाला एक मार्गदर्शक. बहुधा तो शाळेतलाच शिक्षक असतो. हीच या योजनेची ताकद आणि हीच तिची दुखरी जागा. समथरसारख्या गावात मातीच्या ओलीविषयी शेतकऱ्याइतके कोणालाच ठाऊक नसते, म्हणून परिसराचा विषय घेतल्याने गरीब शाळा आणि श्रीमंत शाळा यांतले अंतर एकदम कमी होते. परंतु ज्या शिक्षकाने स्वतः कधी संशोधन केलेले नाही, तो चुकीच्या नोंदीला घाबरतो. मग नोंदी सुधारल्या जातात, आलेख गुळगुळीत होतात आणि तक्ता मोठ्यांच्या अक्षरात लिहिला जातो. अनुभवी परीक्षकाला हे दोन प्रश्नांत कळते. तो मुलाला विचारतो की कोणत्या दिवशी मोजमाप चुकले. खरे काम केलेल्या मुलाला ते लगेच सांगता येते.

मराठी मुलुखात या प्रश्नाकडे दोन बाजूंनी पाहिले गेले. मुंबईच्या विज्ञान अध्यापक मंडळाने १९८१ पासून सहावी आणि नववीच्या विद्यार्थ्यांसाठी डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सुरू केली आणि तिच्या शेवटच्या टप्प्यात कृतिसंशोधनाला जागा दिली. दुसरी बाजू पुण्याची. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या आयुकात संस्थापक संचालक जयंत नारळीकर यांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळकरी मुलांना बोलावण्याचा पायंडा पाडला. मुलांचा छोटा गट सोमवार ते शुक्रवार एका वैज्ञानिकाबरोबर काम करी. ठरलेला अभ्यासक्रम नव्हता. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना नारळीकर सांगत की पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली स्वाक्षरी मिळेल. होशंगाबादच्या सवालीरामाचा हा जणू पुण्यातला आप्त!

हे नाते केवळ कल्पनेतले नाही. बरेलीचे अरविंद गुप्ता पुण्यात टेल्कोत अभियंता असताना १९७८ मध्ये रजा घेऊन होशंगाबादच्या उपक्रमात गेले आणि काड्यापेटीच्या काड्या व सायकलच्या वाल्व्हट्यूब यांतून भूमिती शिकवू लागले. २००३ पासून दहा वर्षांहून अधिक काळ तेच आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत होते. खेड्यात सापडलेली पद्धत अशा रीतीने पुण्यातल्या संशोधन संस्थेच्या आवारात आली.

गेल्या काही वर्षांत दिल्लीकडची दारे मात्र एकामागून एक मिटली. प्रज्ञाशोध परीक्षा २०२१ नंतर स्थगित झाली. १९९९ मध्ये सुरू झालेली किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना २०२२ मध्ये 'इन्स्पायर'मध्ये विलीन करण्यात आली. शुल्क घेऊन परदेशी विद्यापीठातील मार्गदर्शक दूरदृश्य पद्धतीने मिळवून देणाऱ्या कंपन्या शहरांत वाढल्या आहेत. त्यांचे ग्राहक बहुतेक परदेशी प्रवेशाच्या तयारीतले असतात आणि समथरच्या मुलीला त्यांचा उपयोग नाही. तिच्या जिल्ह्यात, झाशीला, बुंदेलखंड विद्यापीठ आहे आणि भारतीय कृषी संशोधन परिषदेची भारतीय गवताळ भूमी व चारा संशोधन संस्थाही आहे. मार आणि राकड यांतला फरक जाणणारी, मातीची ओल मोजणे हेच ज्यांचे रोजचे काम आहे अशी माणसे तिथे आहेत, आणि समथर ते झाशी हे अंतर बसने एका सकाळीत पार होते.